ओल्या टॉवरवर चढण्याआधी: रेडिओचा सिग्नल आणि नोंदी कशा वाचायच्या

पुसद चहूबाजूंनी डोंगरांत. शहरातून पलीकडच्या गावात बिनतारी इंटरनेट न्यायचं तर टेकडीवर टॉवर लागतोच. पावसाळ्यात लिंक तुटली की फोन येतो, ‘पावसानं रेंज गेली.’ मग एखादा पोरगा ओल्या टॉवरवर चढतो, तेही विजा चमकत असताना. तो चढण्याआधी खाली बसून काय कळू शकतं, तेवढंच आज आपण बघू.

आधी आकडा. रेडिओच्या पानावर उणे 60 डीबीएम दिसतं. म्हणजे एका वॅटचा अब्जावा भाग, आणि एवढ्यावर लिंक मजेत चालते! उणे 63 म्हणजे त्याच्या निम्मा, उणे 70 म्हणजे दहावा हिस्सा. पण नुसता आजचा आकडा काही सांगत नाही. लिंक लावली त्या दिवशी तो किती होता, आणि भोवतीचा गोंगाट किती, हे शेजारी लिहिलेलं पाहिजे. सिग्नल तोच, पण गोंगाट उणे 95 वरून उणे 75 वर आला, तर लिंक रडणारच. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्याविना खुला झाला. तिथे आता गर्दी आहे.

आता पाऊस. या पट्ट्यात दहा किलोमीटरवर चांगल्या जोराच्या पावसातही सहसा दोन-चार डेसिबलच जातात. खरा चोर बहुतेक वेळा दुसराच असतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असताना लावलेली लिंक, पावसाळ्यात पानं फुटली की आठवड्यागणिक खाली येते. एवढ्या अंतराला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे सात मीटर मोकळीक लागते. पलीकडचा टॉवर डोळ्यांना दिसला म्हणून भागत नाही. आकडा वाऱ्यात एकदम पडला आणि तिथेच राहिला, तर अँटेना फिरली असावी. दोन दिवस ऊन पडल्यावर आपोआप सुधारला, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

आणि सिग्नल उत्तम असूनही लिंक तुटली तर? मग नोंदी उघडायच्या. ‘रडार आढळलं’ असं असेल, तर रेडिओनं आपणहून चॅनेल सोडला आणि नव्या चॅनेलवर मिनिटभर नुसता कान देऊन बसला. वर चढून काही उपयोग नाही. पुन्हा पुन्हा ‘सुरू झाला’ दिसलं, तर लाइट, अडॅप्टर, केबल यांच्याकडे बघा.

इथेच मोठी अडचण आहे. बऱ्याच रेडिओंत नोंदी तात्पुरत्या मेमरीत असतात. लाइट गेली की पुसल्या. घड्याळाला बॅटरी नसेल, तर सुरू झाल्यावर तारीख थेट 1970 ची! म्हणून वेळ नेटवरून जुळवून घ्यायची आणि नोंदी सिसलॉगनं बाहेर, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या संगणकाकडे पाठवायच्या. तो फक्त लिंकच्या पलीकडे ठेवला, तर लिंक तुटतानाच्याच नोंदी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आपल्याला हव्या असतात नेमक्या त्याच. म्हणून दोन्ही टोकांना एकेक ठेवावा.