पार्ट बदलले, तरी गाडी तीच?

मुलांनो, आधी एक कोडे सोडवा बघू.

समजा, तुमच्या बाबांनी शाळेत असताना एक सायकल घेतली होती. पुढे तिचे टायर झिजले, ते बदलले. मग चेन बदलली, सीट बदलली, पॅडल बदलले. एकदा हँडल वाकले, तेही नवे टाकले. शेवटी फ्रेमलाच तडा गेला, म्हणून फ्रेमसुद्धा दुसरी बसवली. आता सांगा, दाराशी उभी आहे ती बाबांची जुनी सायकलच, की दुसरी?

लगेच उत्तर देऊ नका. हाच प्रश्न १९९० साली इंग्लंडच्या हायकोर्टात गेला होता. फक्त तिथे सायकल नव्हती, मोटार होती. आणि तिची ठरलेली किंमत होती चक्क एक कोटी पौंड!

या मोटारीचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. बेंटली कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ जातीची ही गाडी. साडेसहा लिटरचे, सहा सिलिंडरचे दांडगे इंजिन. फ्रान्समध्ये ल माँ नावाच्या गावी १९२३ सालापासून एक शर्यत सुरू झाली. तिची गंमत अशी, की ती चोवीस तास चालते. दिवसभर पळा, रात्री दिवे लावून पळा, पाऊस आला तरी पळा. त्या काळी दोन ड्रायव्हर आळीपाळीने गाडी चालवायचे. चोवीस तासांत जो सर्वांत जास्त अंतर कापेल, तो जिंकला. म्हणजे इथे वेग तर हवाच, पण टिकाऊपणा त्याहून जास्त हवा.

१९२९ साली या शर्यतीत आपली गाडी एक नंबरचा बिल्ला लावून उतरली. म्हणूनच पुढे तिचे नाव ‘ओल्ड नंबर वन’ पडले. चालवायला होते वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झालेल्या बापाचा मुलगा, आणि बेंटली कंपनीचा अध्यक्षसुद्धा! अध्यक्ष स्वतः शर्यतीत गाडी हाकतोय, आहे की नाही नवल? ही गाडी पहिली आली. एवढेच नाही, तर पहिले चारही नंबर बेंटली गाड्यांनीच पटकावले.

१९३० साली तीच गाडी पुन्हा ल माँला गेली. या वेळी बार्नाटोचा जोडीदार होता ग्लेन किडस्टन. समोर जर्मनीची बलाढ्य मर्सिडीज होती. बराच वेळ दोघांची झुंज चालली. अखेर रात्री मर्सिडीज बंद पडली आणि ‘ओल्ड नंबर वन’ दुसऱ्यांदा जिंकली. चोवीस तासांत ती सुमारे २,९३० किलोमीटर धावली. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येण्याइतके अंतर! बार्नाटो ल माँला तीन वेळा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

पण एवढे पळाल्यावर गाडीचे काय होते? इंजिन झिजते, सांगाडा खिळखिळा होतो. शर्यतीची गाडी ही काही कपाटात ठेवायची बाहुली नव्हे. दर शर्यतीनंतर कारखान्यात ती खोलली जायची. कामातून गेलेला भाग काढायचा, नवा बसवायचा. त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल, की साठ वर्षांनी या बदललेल्या भागांचा हिशेब कोर्टात मागितला जाईल.

१९३१ साली बेंटली कंपनी डबघाईला आली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ‘ओल्ड नंबर वन’ मात्र धावतच राहिली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिला जिंकून दिले.

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ पाहिलाय ना? वेगात वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिथली भिंत गोलाकार असते. ब्रुकलँड्सचा सिमेंटचा ट्रॅकही वळणावर असाच, कढईच्या काठासारखा उंच चढत गेलेला होता. १९३२च्या शर्यतीसाठी गाडीत आठ लिटरचे आणखी मोठे इंजिन घातले होते. जॅकचा भाऊ क्लाइव्ह ती चालवत होता. पुढच्या गाडीला मागे टाकताना तो खूप वर गेला. चाक काठापलीकडे गेले आणि गाडी पलीकडच्या झाडांत कोसळली. क्लाइव्ह जागीच ठार झाला.

गाडीची कहाणी इथेच संपायची. पण तसे झाले नाही. मोडकी गाडी दुरुस्त करून बार्नाटोसाठी तिची बंद छपराची रस्त्यावरची मोटार बनवली गेली. पुढे मालक बदलत गेले. एका मालकाने तिला पुन्हा शर्यतीच्या जुन्या रूपात आणले. मग १९९० साली त्याने ती एक कोटी पौंडांना विकायचा सौदा केला. सौदा ठरला आणि घेणारी कंपनी अडून बसली, ‘ही ती गाडी नव्हेच! आम्ही पैसे देणार नाही.’

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे खटला उभा राहिला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, गाडीच्या एकेका भागाचा इतिहास तपासला गेला. काय निघाले असेल? १९२९ साली ल माँ जिंकलेल्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते!

मग निकाल कंपनीच्या बाजूने लागला असेल, असे वाटते ना? पण नाही. न्यायमूर्तींनी दोन शब्द वेगळे केले. एक ‘मूळची’ आणि दुसरा ‘खरी’. ते म्हणाले, ही गाडी मूळची राहिलेली नाही, पण खरी मात्र आहे. कारण तिचे भाग एकदम नव्हे, तर हळूहळू, एकेक करून बदलले. तिच्या इतिहासाची साखळी कुठेच तुटली नाही. आणि ‘ओल्ड नंबर वन मीच’ असा हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही.

पटतंय का? नीट विचार करा. तुमचे दुधाचे दात पडले, नवे आले. पहिलीतला शर्ट आता अंगात शिरत नाही. तरी शाळेच्या हजेरीपटावरचे नाव तेच आहे ना! मात्र कोणी एका दिवसात सगळे नवे सामान जोडून, वर जुन्या नावाची पाटी ठोकली असती, तर ती नक्कल ठरली असती.

अर्थात, हा निकाल सगळ्यांनाच पटला असे नाही. गाडीचे शौकीन त्यावर वाद घालतात. तुम्हीही घाला. घरी आई-बाबांना सायकलचे कोडे विचारा. बहुतेक जेवणाच्या पानावरच दोन पक्ष पडतील!

आणि एक काम करा. तुमच्या घरात आजीचे शिलाई मशीन असेल, भिंतीवरचे चावीचे घड्याळ असेल किंवा जुना रेडिओ असेल. त्याच्यासाठी एक छोटी वही करा. वस्तू कधी घेतली, कोणी वापरली, कोणता भाग केव्हा आणि का बदलला, ते विचारून लिहा. पडली-मोडली असेल, तर तेही लपवू नका. ‘ओल्ड नंबर वन’च्या खरेपणाच्या इतिहासात ल माँचे दोन विजय आहेत, तसा क्लाइव्हचा अपघातही आहे. आजीला सगळे आठवते आहे तोवर विचारून घ्या. वस्तूचा नवा पार्ट बाजारात मिळेल, पण तिची हकीकत दुकानात मिळत नाही.