पिशवीचे ऑपरेशन आणि सरकारी दवाखाना

आम्ही बँकेत नोकरीस आहोत. सोनेतारण कर्जाचे टेबल बरीच वर्षे आमच्याकडे आहे. या टेबलावर माणसाचे सुख-दुःख जितके दिसते तितके ते क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. कोणी बियाण्यासाठी, कोणी मुलाच्या फीसाठी, तर कोणी लग्नासाठी डाग घेऊन येतो. परंतु आमच्या तालुक्यातील पस्तीस-चाळीस वर्षांची बाई एकटीच मंगळसूत्र घेऊन आली, तर कारण बहुधा एकच असते.

“पिशवी काढायची हाय, साहेब. डागदर म्हणत्यात, ठिवली तर कॅन्सर हुईल.”

अशाच एका भगिनीला आम्ही विचारले, “ताई, मिरजेला सरकारी दवाखान्यात दाखवलं का?” ती म्हणाली, “तितं गरिबाला कोण इचारतंय?” आम्ही कागद पूर्ण केले आणि रक्कम दिली. ऑपरेशन झाले. पुढे त्या बाईला पहिल्यासारखे काम होईना, हप्ते थकले आणि तिच्या मंगळसूत्राच्या लिलावाची नोटीस लिहिण्याचे काम आमच्याच हाती आले. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ते ऑपरेशन खरोखर गरजेचे होते काय? आणि होते, तर ते पैशाशिवाय होण्यासारखे नव्हते काय? आम्ही डॉक्टर नव्हे. तरीही जाणकारांकडून समजून घेतलेली माहिती स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावी असे वाटले.

गर्भाशय केव्हा काढावे लागते?

गर्भाशय हा केवळ मूल वाढण्यापुरता अवयव आहे आणि मुले झाली की तो निरुपयोगी होतो, हा मोठा गैरसमज आहे. शस्त्रक्रियेत गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले तर पाळी जाण्याचे परिणाम अकाली सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची आग, निद्रानाश, थकवा मागे लागतो. जिचे पोट अंगमेहनतीवर आहे तिला हे परवडणारे नाही.

काही आजारांत मात्र ही शस्त्रक्रिया आवश्यक असते. उदाहरणार्थ, गर्भाशयाचा कर्करोग, औषधांनी न थांबणारा अतिरक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अथवा अंग पूर्णपणे बाहेर येणे. लहान वयातील बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडा आणि पाटी, यामुळे आमच्या दुष्काळी भागात अंग बाहेर येण्याचा त्रास जुनाच आहे. बायका तो लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवतात.

परंतु अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे किंवा पाळी अनियमित होणे म्हणजे कर्करोग नव्हे. साधी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. पांढरे जाण्यावर गोळ्यांचा उपचार होतो. अतिरक्तस्रावावर औषधे आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने आहेत. अंग बाहेर येत असेल तर व्यायाम आहे, आधाराची रिंग बसवता येते. तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी संबंधित असलेले, मूळचे गोव्यातील शिरोडे गावचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी अशी शस्त्रक्रिया बसवली. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाशी घालावयाचा त्यांचा टाका १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे ज्ञान सरकारी रुग्णालयाशी निगडित डॉक्टरच्या हातून तयार झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बीडचा धडा

गरज नसता गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्राच्या चव्हाट्यावर आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील हे प्रमाण शंभरात सुमारे तीन एवढेच होते, आणि त्यांतील दोन-तृतीयांशाहून अधिक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. दोन्ही पाहण्यांतील वयोगट एकच नाहीत, हे मान्य केले तरी फरक डोळे उघडणारा आहे.

हे का घडते? ऊसतोडीत एक खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. पाळीच्या दिवसांत ना पाणी, ना आडोसा, ना विश्रांती. दुखणे वाढले की उचल घेऊन खाजगी दवाखाना गाठायचा. तेथे कर्करोगाची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार होते. पुढे उचल फेडण्यासाठी पुन्हा फडात. बीड फार दूर आहे असे कोणी समजू नये. तीच कोयता घेतलेली कुटुंबे सांगली-कोल्हापूरच्या फडात येतात आणि आपल्या शेजारच्या जत तालुक्यातूनही टोळ्या निघतात.

त्यानंतर केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास सांगितले.

सरकारी व्यवस्था कशी आहे?

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. सुमारे ३०,००० लोकवस्तीला एक, असा त्याचा निकष आहे. तेथे तपासणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या आणि पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळते. दुसरी पायरी तालुक्याचे सरकारी रुग्णालय. तेथे मोठी शस्त्रक्रिया व्हायची तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह या चारही गोष्टी एकाच दिवशी हजर असाव्या लागतात. यातील एक नसेल तर बाकीच्या तीन असून नसल्यासारख्या. ग्रामीण भागात बहुधा भूलतज्ज्ञच कमी पडतो. म्हणून “पुढं जा” असे सांगितले जाते आणि आपल्याला ते हाकलणे वाटते.

तिसरी पायरी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. मिरजेचे महाविद्यालय १९६२ सालचे आहे. येथे सर्व तज्ज्ञ असतात. शिकाऊ डॉक्टर हात लावतात अशी भीती घातली जाते. वास्तविक शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि एका रोग्याचा विचार अनेक डोकी मिळून करतात.

मग तारीख का लांबते? स्त्रीरोग विभागाला शस्त्रक्रियेचे ठरावीक दिवस असतात. त्याच दिवशी अडलेली बाळंतीण आली तर तिचा जीव आधी वाचवावा लागतो आणि ठरलेले ऑपरेशन पुढे जाते. दुसरे कारण आपल्या अंगी असते, ते म्हणजे रक्ताची कमतरता. हिमोग्लोबिन कमी असताना भूल देणे धोक्याचे, म्हणून आधी औषधे देऊन पुन्हा बोलावतात. बाई समजते, टाळाटाळ चालली आहे. खरे तर ती तिच्या जीवाची काळजी असते.

खर्च आणि हक्क

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. मिरज व सांगलीची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तेथे तो निर्णय लागू झाला नाही. पण तेथील दर अल्प असतात. शिवाय २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेली जन आरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवले गेले. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील ‘आरोग्यमित्रा’ला भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते काय, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. दोन्ही कार्डांवरील नाव सारखे नसले तर काम अडते. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे आहे, हेही विसरू नये.

संमतीविषयी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थिनीने पाठ करावी. सज्ञान स्त्रीच्या शरीराबाबत संमती तिचीच. दिल्लीच्या एका खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य मानली नाही. सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आजार नक्की कोणता? दुसरा उपाय करून पाहिला काय? बीजकोश ठेवणार काय? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व सोनोग्राफी झाली काय? आणि घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असा विचार मांडला होता. स्त्रीच्या शरीराची काळजी हा दानधर्माचा विषय नसून राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्यातून आपण शिकतो. पण हक्क कागदावर असतो. तो हाती यायचा तर कोणीतरी खिडकीपर्यंत जावे लागते.

म्हणून आपल्या संस्थेने फार खर्चाचे काही करू नये. दोन शिकलेल्या मुली आणि एक जाणती बाई, एवढ्यांनी आठवड्यातून एक दिवस आजारी भगिनीसोबत मिरजेला जावे. केसपेपर काढावा, रिपोर्ट एका पिशवीत नीट लावावेत, पुढची तारीख वहीत लिहावी. वस्तीतील तरुणांनी रक्तदान करावे. ज्या बाईला “गरिबाला कोण इचारतंय?” असे वाटते, तिच्यासोबत विचारणारे माणूस उभे राहिले की चित्र बदलते.

तारणाच्या टेबलावर आम्ही बसूच. पण पुढच्या खेपेस एखादी भगिनी मंगळसूत्र घेऊन आली, तर पावती फाडण्याआधी तिला या मुलींची नावे सांगता यावीत, एवढीच इच्छा आहे.