मंद आच, निळा धूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज मी एका अशा पदार्थाविषयी बोलणार आहे, जो मी कधी खाल्लेला नाही आणि खाणारही नाही. तो म्हणजे डुकराच्या बरगड्या. अमेरिकेत त्यांना 'रिब्ज' म्हणतात आणि लाकडाच्या धुरावर पाच-सहा तास शिजवतात. तुम्ही म्हणाल, न खाता तुम्हाला त्यातलं काय कळणार? चव कळत नाही, हे कबूल. पण बाकीचं सगळं मी एका शनिवारी खुर्ची टाकून, सकाळपासून दुपारपर्यंत बघितलं आहे आणि प्रश्न विचारून एका सज्जन माणसाला भंडावून सोडलं आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे कॅन्सस सिटीला गेलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहायचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. गुरुवारी संध्याकाळी ते कुंपणापाशी आले आणि मुलीला म्हणाले, "शनिवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला. तुझे आई-वडील काय खात नाहीत, ते आत्ताच सांग." तिनं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मला दोन दिवस मिळाले."

दोन दिवस कशाला लागतात, ते मला शनिवारी कळलं.

आधी थोडा इतिहास. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. काठ्यांचं मचाण, त्यावर मांस आणि खाली विस्तव, ही त्यांची पद्धत. स्पॅनिश लोकांनी तिला 'बार्बाकोआ' म्हटलं. डुक्कर मात्र तिथलं नव्हे. ते युरोपीय लोकांच्या जहाजांतून आलं. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत डुकरं होती. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मळेवाल्यांच्या मेजवान्यांसाठी जमिनीत चर खणून अख्खी डुकरं रात्रभर भाजली जायची. चरापाशी रात्र जागवणारे, निखारे सरकवणारे हात गुलामांचे असायचे. मेजवानी मालकाची असली तरी विद्या त्यांची होती.

ती विद्या त्यांच्याबरोबर शहरांत आली. कॅन्सस सिटीत १८७१ साली गुरांचा मोठा बाजार सुरू झाला. तो १९९१ पर्यंत चालला. भोवती मांसाचे कारखाने उभे राहिले. बरगड्यांत हाड जास्त, मांस कमी आणि तेही चिवट. त्यामुळे त्या स्वस्तात मिळत. १९०८ च्या सुमारास हेन्री पेरी नावाचा कृष्णवर्णीय माणूस या शहरात एका गल्लीत धुरावरचं मांस विकू लागला. गिऱ्हाइकाच्या हातात तो ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचा. आज त्याला कॅन्सस सिटी बार्बेक्यूचा जनक म्हणतात. आपल्याकडच्या वडापावची आठवण यावी अशीच ही गोष्ट. पुढे १९५२ साली शिकागोतल्या एका कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून झाकणाची गोल शेगडी बनवली. अशा शेगड्यांमुळे हे काम घरच्या अंगणात आलं.

आता प्रश्न असा, की बरगडीला सहा तास का लागतात?

मांसात दोन गोष्टी असतात. एक स्नायूंचे धागे आणि दुसरी, त्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन. ज्या भागाला जास्त श्रम पडतात, तिथे हे कोलॅजन जास्त. श्वासागणिक हलणाऱ्या बरगड्यांत ते भरपूर असतं. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला स्नायूंचे धागे आखडतात, पाणी सोडतात आणि मांस वातड होतं. घाईनं भाजणारा इथेच फसतो. पण आच मंद ठेवून धीर धरला, तर सत्तर अंशांच्या पुढे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो ना, तेच हे जिलेटिन. बरगड्यांचा गाभा नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंत पोचेतो बरंचसं कोलॅजन विरघळलेलं असतं. डुकराचं मांस ६३ अंशांना पोचून तीन मिनिटं तसंच राहू दिलं की खायला सुरक्षित होतं, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. पण सुरक्षित होणं आणि मऊ होणं यांत बरगडीच्या बाबतीत काही तासांचं अंतर आहे.

इथे आमच्या सौभाग्यवतींनी प्रश्न टाकला, "कुकरला चार शिट्ट्या काढल्या तर?" मऊ होईल, यात शंका नाही. पण जिलेटिनचा बराच भाग रश्श्यात जाईल आणि वरची काळपट-तांबूस खरपूस साल व्हायची नाही. ती साल कोरड्या उष्णतेत मीठ, साखर, मसाला आणि धूर यांची मिळून होते.

आता कृती. शेजाऱ्यांनी शुक्रवारी रात्री बरगड्यांच्या फळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सुरीच्या टोकानं उचलून कोरड्या कागदाच्या चिमटीत ओढून काढला. तो ठेवला तर चामड्यासारखा दाताखाली येतो. मग मीठ, तपकिरी साखर, लाल मिरचीची पूड, मिरपूड आणि सुक्या लसणाची पूड चोळून फळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. शनिवारी सकाळी साडेसातला शेगडी पेटली. निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला, म्हणजे खाली थेट विस्तव नाही. मांसाखाली पाण्याचं ताट. निखाऱ्यांवर हिकरी नावाच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे. झाकणाखाली १०७ ते १२१ अंश उष्णता राखायची. ती राखायची कळ एकच, खालचं हवेचं भोक. उघडलं की आच वाढते, मिटलं की उतरते.

मी म्हटलं, "धूर तर दिसतच नाही." ते हसले. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही. तो मांस कडू करतो. चांगला धूर विरळ आणि निळसर असतो, उन्हात धड दिसतही नाही. लाकडातलं लिग्निन उष्णतेनं तुटतं आणि त्यातून जी संयुगं निघतात, त्यांचा तो वास. म्हणून लाकूड ओक, सफरचंद, चेरी असं कठीण जातीचं हवं. चीडसारखं राळ असलेलं चालत नाही. धुरातल्या वायूंचा मांसातल्या रंगद्रव्याशी संयोग होऊन सालीखाली एक गुलाबी कड उमटते. ते कच्चेपण नव्हे.

त्यांचं गणित साधं होतं. तीन तास उघड्या धुरात, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून आणि शेवटचा एक तास पुन्हा उघड्यावर, टोमॅटो आणि काकवीचा सॉस फासून. चिमट्यानं फळी मधोमध उचलली की ती वाकावी आणि वर बारीक भेगा पडाव्यात. हाडावरून मांस आपोआप गळून पडलं, तर जाणकार म्हणतात जास्त शिजलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मला वाटलं होतं, बरगड्या नाही खाल्ल्या तरी बाजूचे पदार्थ आपल्यासाठी आहेतच. वाल्याची उसळ, पालेभाजी, मक्याचा पाव. पण या पदार्थांतच डुक्कर लपून बसलेलं असतं!

त्यांच्या 'बेक्ड बीन्स'मध्ये पांढरे घेवडे रात्रभर भिजवून, उकडून, काकवी, मोहरी आणि कांदा घालून पाच-सहा तास मंद भट्टीत ठेवतात. रीतीप्रमाणे त्यात खारवलेलं डुकराचं मांस पडतं. कित्येक घरी तर ते भांडं बरगड्यांच्या खालीच ठेवतात, म्हणजे वरून गळणारी चरबी त्यात मुरते. एक गंमत सांगतो. काकवीतल्या आम्लामुळे आणि कॅल्शियममुळे घेवड्याची साल टणक राहते, म्हणून तासन्‌तास शिजूनही दाणा फुटत नाही. पण त्यासाठी दाणा आधी मऊ उकडून घ्यावा लागतो. डाळ शिजण्याआधी चिंच घालू नये, हे आपल्या आया सांगतात, त्यामागे हेच कारण.

दुसरी भाजी 'कॉलर्ड'ची. कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी मोठी पानं. काश्मीरचा हाक याच जातीचा. ती दीड-दोन तास शिजवतात, डुकराच्या पायाच्या धुरावलेल्या हाडाबरोबर. खाली उरणारं हिरवं पाणी मक्याच्या पावाला लावून खातात. आणि तिसरी उसळ चक्क आपल्या चवळीची. चवळी मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी पोचली होती.

आमच्या यजमानांनी काय केलं होतं? त्यांच्याकडे दोन शेगड्या होत्या. धाकटी त्यांनी घासून घेतली, तिच्यावर नवी जाळी आणली आणि मुलीनं हलाल दुकानातून आणून दिलेल्या मेंढीच्या बरगड्या तिच्यावर लावल्या. मेंढीला वेळ कमी लागतो, म्हणून ती शेगडी दोन तास उशिरा पेटवली. दोन्ही एकाच वेळी ताटात यावं, एवढाच हिशोब. उसळ आणि पालेभाजी शुक्रवारीच नव्या भांड्यांत केली होती. धुरकट चवीसाठी डुकराऐवजी टर्कीचा धुरावलेला पंख घातला होता. तोही मुलीच्याच दुकानातून आणवलेला. त्यांच्या वस्तीतल्या पुष्कळ घरी आता टर्कीच घालतात, म्हणाले. एका टेबलावर आम्ही सात माणसं जेवलो. त्यांनी त्यांचं खाल्लं, आम्ही आमचं.

जेवताना मला मात्र वसई आठवत होती. १९९० चा नाताळ. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्गातल्या ख्रिस्ती मित्रानं घरी जेवायला बोलावलं होतं. टेबलावर सोरपोतेल दिसलं आणि मी तब्येतीचं कारण सांगून, पाणीसुद्धा न पिता उठलो. त्याच्या आईनं माझ्यासाठी नवं पातेलं आणून वेगळा कोंबडीचा रस्सा केला होता. कोंबडीही आमच्या माणसाच्या दुकानातून आणवली होती. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. मी काही विचारलंच नव्हतं आणि तिला सांगायची संधीही दिली नव्हती. अमुक पदार्थ न खाणं हा माझा धर्म होता. ताटावरून उठणं हा नव्हता. माफी मागायला गेलो, तेव्हा ती माउली राहिली नव्हती.

असो. कुणाला करून बघायचं असेल, तर आपल्या फ्लॅटमध्येही जमतं. मटणवाल्याला सांगा, 'सीना अख्खाच द्या, तुकडे करू नका.' तो एकदा तरी वळून बघेल! किलोमागे दोन चहाचे चमचे मीठ, चमचाभर गूळ, काश्मिरी मिरचीची पूड, मिरपूड आणि लसूण चोळून रात्रभर मुरवा. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये १२० अंशांवर साडेतीन-चार तास ठेवा. मग उघडून टोमॅटो, गूळ आणि व्हिनेगरचा दाट सॉस फासून आणखी अर्धा तास. शेवटी धुंगार. मांसाच्या भांड्यात वाटी ठेवून त्यात लालबुंद कोळसा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. पाच-सात मिनिटं पुरेत. सहा तासांच्या धुराची सर त्याला येत नाही, साल आणि गुलाबी कडही मिळत नाही. पण वास दरवळतो. खिडक्या मात्र सताड उघड्या हव्यात. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि त्यानं माणूस झोपेतच जातो. धुरात घातक द्रव्यंही असतात, तेव्हा हा पदार्थ सणासुदीचाच बरा.

आणि पाहुणे बोलावणार असाल, तर काय चालतं, काय चालत नाही, हे दोन दिवस आधी विचारा. मंद आचेवरच्या स्वयंपाकात ऐन वेळी काही बदलता येत नाही. पाहुणे म्हणून जाणार असाल, तर आपण होऊन सांगा. सांगायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण कुणाच्या तरी घरी तुमच्यासाठी नवं पातेलं आणलेलं असू शकतं.