गवंड्याचा दिवस कुठे जातो?

आमचे चाचा गवंडी होते. सोलापुरात विटा रचता रचताच त्यांचं आयुष्य गेलं. एका उन्हाळ्यात ते नव्या कामावर गेले. सकाळी आठला थापी, ओळंबा घेऊन हजर. वाळूची गाडी आली दुपारी एकला. संध्याकाळी ठेकेदारानं भिंत पाहिली आणि अर्ध्या दिवसाची मजुरी हातावर ठेवली. घरी आल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "हात तर मोकळेच होते, बेटा. मोकळ्या हातांची मजुरी कोण देतो?"

बांधकामातल्या कार्यक्षमतेचा विषय निघाला की मला ती वाळूची गाडी आठवते.

कार्यक्षमता म्हणजे जेवढं घातलं त्यातून किती निघालं, याचा हिशेब. माणसं, दिवस, सिमेंट, यंत्रं हे घातलेलं. पुरं झालेलं आणि टिकणारं काम हे निघालेलं. या हिशेबात बांधकाम मागे आहे. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेच्या २०१७ सालच्या अहवालानुसार, आधीच्या वीस वर्षांत जगभर एकंदर अर्थव्यवस्थेतली श्रमांची उत्पादकता वर्षाला सरासरी २.८ टक्क्यांनी वाढली. बांधकामातली फक्त १ टक्क्यानं.

पण मोजायचं कसं? अंदाजपत्रकाच्या पुस्तकांत जोत्यावरच्या वीटकामासाठी एका गवंड्यामागे दिवसाला सुमारे एक घनमीटर काम धरतात. म्हणजे प्रमाणित मापाच्या जवळजवळ ५०० विटा. हाच आकडा घेऊन कोकणात गेलात तर फसाल. तिथे जांभ्याचे चिरे. एक चिरा कित्येक विटांची जागा घेतो. शिवाय पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचं काम रखडतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात भिंतीवर मारायलाच पाणी नसतं. मुंबईत माल गर्दीतून आणायचा आणि वरच्या मजल्यावर चढवायचा, यातच वेळ जातो. रुपयांत मोजावं, तर मुंबईच्या घराच्या किमतीत जमिनीचा भाव मिसळलेला. त्याचं श्रेय गवंड्याच्या थापीला कसं द्यायचं? भारतीय मानक संस्थेनं १९७४ साली इमारतकामाला लागणाऱ्या श्रमांची प्रमाणं प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचा पहिला भाग उत्तर विभागापुरताच काढला. एकच माप साऱ्या देशाला लावता येत नाही, हे जाणकारांना ठाऊक होतं.

मग प्रदेशांची तुलना करूच नये का? करावी, पण सारख्याची सारख्याशी. १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी यासाठी एक गणिती पद्धत मांडली. तिचं सार सोपं आहे. समजा, एकाच हवामानाच्या दहा तालुक्यांत सारख्याच शाळाखोल्या बांधल्या. ज्या तालुक्यानं सर्वांत कमी माणसं, दिवस आणि माल लावून त्या नीट उभ्या केल्या, तो झाला मापदंड. बाकीचे त्याच्यापासून किती दूर, ते पाहायचं. पुस्तकातल्या आदर्शाशी तुलना नाही. शेजाऱ्यानं करून दाखवलेल्या कामाशी आहे. मात्र पडलेलं प्लॅस्टर पुन्हा करावं लागलं, तर तो खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. कुणी परातीवरून पडून जायबंदी झाला, तर ते काम वेगात झालं म्हणून चांगलं ठरत नाही.

अंतर कळलं, आता कारण शोधायचं. इथे बहुतेकांचं बोट आधी मजुराकडे वळतं. १८८५ साली अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गवंडीकाम शिकायला लागला. प्रत्येक गवंडी वीट उचलायला कमरेत वाकतो, हे त्यानं पाहिलं. पुढे त्यानं विटा हाताच्या उंचीवर ठेवणारी परात केली, विटा निवडून मांडायचं काम मदतनिसाला दिलं. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या. तासाला १२० विटांच्या जागी ३५० लागू लागल्या. माणसं तीच होती. बदलली ती मांडणी.

आपल्याकडेही उपाय असेच, जागेप्रमाणे वेगळे. कोकणात छप्पर पावसाआधी घालावं आणि आतलं प्लॅस्टर, फरशी पावसाळ्यासाठी राखावी. मराठवाड्यात काम पहाटे सुरू करावं, भिंतीवर ओलं गोणपाट टाकून पाणी वाचवावं. मुंबईत माल येण्याची वेळ आधी ठरवावी. आणि सगळीकडे नकाशे कामाआधी पक्के व्हावेत, बिलं वेळेवर निघावीत.

यासाठी मोठ्या यंत्रणेची वाट पाहायला नको. साइटवरच्या हजेरीपटात किती माणसं आली, ते लिहितातच. त्यात दोन रकाने वाढवावेत: आज काम किती वेळ थांबलं, आणि कशामुळे? वर्षभर तालुक्या-तालुक्यांतून हे लिहिलं गेलं, तर कुठे वाळू अडते, कुठे पाणी, कुठे कुणाची सही, ते आपोआप दिसेल.

चाचांच्या त्या दिवसापुढे कुणी 'पाच तास, वाळू नव्हती' एवढं लिहिलं असतं, तर अर्धी मजुरी कुणाची कापायची, हा प्रश्न तरी निघाला असता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)