कंट्रोल-एफ९ची सद्दी

नवीन पनवेलमध्ये १९९९ साली पिल्लईंचं इंजिनीअरिंग कॉलेज उघडलं. कामोठ्यात एमजीएम त्याआधीपासून होतंच. तेव्हापासून मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरोबर इथल्या पोरांनी सी, सी++, जावा, पायथन अशा भाषा हाताळल्या. मागे वळून पाहिलं तर भाषा रुजण्याचं गणित सोपं दिसतं: पहिला प्रोग्रॅम जितक्या लवकर चालला, तितकी ती लवकर आपली वाटली.

सुरुवातीची सद्दी टर्बो सी++ची. बोर्लंड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला बाजारात आणला, तेव्हाच एडिटर आणि कंपायलर एकत्र देण्याची युक्ती तिला सापडली होती. तीच पुढे सीला लाभली. ‘टीसी’ फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी केलं की काम भागायचं. आल्ट-एफ९ला कंपाइल, कंट्रोल-एफ९ला रन, आल्ट-एफ५ला आउटपुट. चुकीच्या ओळीवर कर्सर आपसूक जाऊन बसायचा. हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ असलं की क्लास लावायचीही गरज नसे.

या सोयीची किंमतही होती. टर्बोमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला ७ दिले की ५०४० हे बरोबर उत्तर यायचं. ८ दिले की ४०३२० ऐवजी उणे २५२१६. ‘लाँग घे’ एवढं सांगून पुढे जायचं. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, पण जर्नलमध्ये क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच तसेच राहिले. ६४ बिटांचं विंडोज आल्यावर टर्बो चालेना, तर लोकांनी भाषेचा नवा कंपायलर घेण्याऐवजी डॉसबॉक्स टाकून जुनाच जगवला. जीव जडला होता तो साधनावर.

जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, पण तिची वाट खडतर. जेडीके टाका, पाथ सेट करा. चुकला तर ‘जावासी’ ओळखीचीच नाही, असं मशीन सुनावणार. तरी पोरं ती शिकली, कारण ऐरोली-महापेच्या कंपन्यांत तिला मागणी होती. पगार समोर असला की माणूस गैरसोय सोसतो, हेही या हिशेबात धरायला हवं.

पायथन १९९१ची, पण विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेत तिची स्वतंत्र स्किल लॅब आली ती २०१९च्या अभ्यासक्रमात. मधल्या काळात भाषेभोवतीचं सामान बदललं: पिपने लायब्ररी एका ओळीत मिळू लागली, ज्युपिटर आलं, २०१७ मध्ये गूगलचं कोलॅब खुलं झालं. लॉकडाउनमध्ये घरी कॉम्प्युटर नसलेल्यालाही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये प्रॅक्टिकल करता येऊ लागलं.

आता कोलॅबमध्ये तरबेज असलेला मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर ‘मोड्यूल सापडत नाही’ या ओळीपाशी अडतो. मशीनवर दोन पायथन आहेत आणि पिपने लायब्ररी दुसऱ्याच पायथनला दिली आहे, हे त्याला उमगत नाही. उणे २५२१६चीच ही नवी आवृत्ती: साधनाने झाकलेली गोष्ट साधन सुटताच आडवी येते.

म्हणून सोय काढून घ्यायची गरज नाही. तिच्याशिवाय निम्मी पोरं पहिल्याच आठवड्यात पाठ फिरवतील. पण जर्नलमधलं एखादं प्रॅक्टिकल तरी रिकाम्या मशीनवर भाषा बसवून टर्मिनलवरून प्रोग्रॅम चालवण्याचं असावं, आणि व्हायव्हात त्यावरही प्रश्न यावेत.