मेंदूला नवी पालवी फुटते का?

त्वचेवरची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, रक्तातील तांबड्या पेशी सुमारे चार महिन्यांनी बदलतात. मेंदूच्या बाबतीत मात्र निसर्गाने हात आखडता घेतला आहे, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ ठाम समजूत होती. बालपणी लाभलेले मज्जापेशींचे भांडवल आयुष्यभर पुरवायचे. त्यात घट होईल, भर पडणार नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. आधुनिक मज्जाशास्त्राचे जनक आणि १९०६च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी सान्तियागो रामोन इ काहाल यांचेही मत हेच होते. त्यामुळे त्याला आव्हान देण्यास फारसे कोणी धजावले नाही.

पहिला धक्का

या समजुतीला पहिला तडा १९६२मध्ये गेला. अमेरिकेतील 'एमआयटी'मध्ये संशोधन करणाऱ्या जोसेफ आल्टमन यांनी किरणोत्सारी थायमिडीनचा वापर केला. पेशीचे विभाजन होताना तिच्या डीएनएची नवी प्रत तयार होते आणि हे खुणेचे द्रव्य त्या प्रतीत सामावले जाते. साहजिकच, ज्या पेशीत खूण सापडेल ती नव्याने जन्मलेली, असा निष्कर्ष निघतो. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या. १९६५मध्ये आल्टमन व गोपाळ दास यांनी हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात त्या दाखवून दिल्या. तथापि, या पेशी मज्जापेशीच आहेत की त्यांना आधार देणाऱ्या इतर पेशी, हे निर्विवाद सिद्ध करणारे तंत्र तेव्हा नव्हते. परिणामी हे संशोधन जवळजवळ अडगळीत पडले.

विषय पुन्हा ऐरणीवर आणला तो कॅनरी पक्ष्यांनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८०च्या दशकात या गायक पक्ष्यांच्या मेंदूत प्रौढ वयातही नव्या मज्जापेशी तयार होतात, हे दाखवले. पण पक्ष्यांचे ते माणसाचे कसे मानावे, हा प्रश्न उरलाच.

माणसाचा मेंदू कसा तपासावा?

जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहणे शक्य नाही. १९९८मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेतील साल्क संस्थेचे फ्रेड गेज यांनी त्यावर मार्ग काढला. काही कर्करुग्णांना गाठीच्या वाढीचा अंदाज घेण्यासाठी पेशी-विभाजनाची खूण करणारे द्रव्य देण्यात आले होते. अशा पाच रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या हिप्पोकॅम्पसची तपासणी झाली, तेव्हा खूण असलेल्या मज्जापेशी तेथे आढळल्या.

स्वीडनच्याच कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांनी तर अणुचाचण्यांनाच घड्याळ बनवले. १९५० व ६०च्या दशकांतील चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण वाढले आणि १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेले. पेशी ज्या वर्षी जन्मते, त्या वर्षाच्या कार्बनची नोंद तिच्या डीएनएमध्ये राहते. या हिशेबाने प्रौढांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्येकी रोज सुमारे ७०० नव्या मज्जापेशींची भर पडते, असा अंदाज २०१३मध्ये मांडण्यात आला. मेंदूतील एकूण मज्जापेशी सुमारे ८६ अब्ज आहेत, हे ध्यानात घेतल्यास ही भर किती मर्यादित आहे ते कळते. मेंदूच्या बाह्यपटलातील मज्जापेशी मात्र माणसाइतक्याच वयाच्या असतात, हेही याच पद्धतीने दिसून आले. पक्षाघाताने झालेली हानी आपोआप भरून न येण्यामागे हे एक कारण आहे.

वादाला तोंड

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २०१८मध्ये दोन परस्परविरोधी निष्कर्ष समोर आले. कॅलिफोर्नियातील संशोधकांना पौगंडावस्थेनंतर नव्या मज्जापेशींचा मागमूस लागला नाही, तर कोलंबिया विद्यापीठातील मॉरा बोल्द्रिनी यांच्या गटाला त्या ७९ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींतही दिसल्या. मतभेदाचे एक मूळ प्रयोगशाळेतील पद्धतीत होते. मृत्यूनंतर मेंदूचा नमुना द्रावणात किती लवकर ठेवला आणि किती काळ ठेवला, यावर नव्या पेशींची रासायनिक खूण टिकते की पुसली जाते, हे ठरते. २०१९मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी ही काळजी घेतली, तेव्हा निरोगी वृद्धांत हजारो अपक्व मज्जापेशी आढळल्या. अल्झायमरच्या रुग्णांत मात्र त्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटलेली होती. २०२५च्या जुलैमध्ये फ्रिसेन यांच्या गटाने या पेशींना जन्म देणाऱ्या विभाजनशील पूर्वपेशीही प्रौढ मेंदूत ओळखल्या. त्या काहींत विपुल, तर काहींत जवळजवळ नव्हत्याच.

आशा आणि सावधगिरी

हा वाद केवळ पंडिती नाही. एकसारख्या भासणाऱ्या दोन आठवणी वेगळ्या ठेवण्यास या नव्या पेशी मदत करतात, असे उंदरांवरील प्रयोग सुचवतात. धावण्याने त्या वाढतात आणि ताणाने घटतात, हेही उंदरांतच दिसले आहे. ही प्रक्रिया माणसात सावरता आली, तर स्मृतिभ्रंश व नैराश्यावरील उपचारांना नवी दिशा मिळू शकेल.

मात्र जिवंत माणसाच्या मेंदूतील नव्या मज्जापेशी मोजण्याचे खात्रीशीर साधन अद्याप नाही. म्हणूनच 'मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्या' गोळ्या-चूर्णांच्या दाव्यांना आधार नाही. नियमित व्यायाम हृदयाला व एकूण प्रकृतीला हितकारक आहेच. त्यासाठी नव्या मज्जापेशींचा हवाला देण्याची गरज नाही. मेंदूचे दार वयाबरोबर पूर्ण बंद होत नाही, असे पुरावे आता सांगतात. ते किती उघडे राहते आणि कोणासाठी, याचा शोध सुरू आहे.