फुटक्या धरणाचं बोधचिन्ह

चपटा दगड हातात घेऊन डोहाच्या पाण्यावर तिरपा भिरकावला की तो लगेच बुडत नाही. टुण टुण टप्पे खात लांबवर जातो आणि मग बुडतो. हा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. कुणाचा दगड चार टप्पे खातो, कुणाचा सात. पण याच खेळावरून एका इंग्रज शास्त्रज्ञाने लढाईतला बॉम्ब बनवला आणि त्या बॉम्बसाठी विमानांचे एक वेगळे पथक उभे केले गेले, हे ठाऊक आहे का? त्या पथकाचे नाव ६१७ स्क्वाड्रन. स्क्वाड्रन म्हणजे विमानांची एक तुकडी. तिच्या बिल्ल्यावर वाघ नाही, गरुड नाही, चक्क फुटलेले धरण आहे. ते तिथे कसे आले, ते आता सांगतो.

दुसरे महायुद्ध चालू होते. जर्मनीत रुर नावाचे खोरे आहे. तिथे पोलादाचे मोठमोठे कारखाने होते. कारखान्यांना पाणी आणि वीज लागते, आणि पाणी येत होते म्योने, झोर्पे अशा धरणांतून. ही धरणे फोडली तर कारखाने बंद पडतील, असा इंग्रजांचा हिशेब होता. पण धरण फोडणे म्हणजे काय मडकं फोडणे आहे? म्योने धरणाची भिंत दगडी, ४० मीटर उंच, आणि पायाशी ३४ मीटर जाड! वरून साधे बॉम्ब टाकून तिचे काहीच झाले नसते. पाण्यातून टॉर्पेडो सोडावा, तर जर्मनांनी धरणाच्या आत पाण्यात लोखंडी जाळ्या लावून ठेवल्या होत्या.

बार्न्स वॉलिस नावाचे एक इंजिनिअर यावर विचार करीत होते. लहान धरणांचे नमुने करून ते फोडून बघता त्यांच्या असे लक्षात आले की, स्फोट भिंतीपासून दूर झाला तर फुकट जातो. पण तोच स्फोट भिंतीला अगदी चिकटून आणि खोल पाण्यात झाला, तर भोवतीचे पाणी त्याचा सगळा जोर भिंतीवर लोटते. मग थोड्या दारूतही काम होते. आता प्रश्न असा, की बॉम्ब जाळ्या ओलांडून भिंतीला चिकटणार कसा? १९४२ साली वॉलिस यांनी घराच्या अंगणात पाण्याचे टब मांडले आणि मुलांच्या गोट्या त्यावर उडवून बघितल्या. मोठा माणूस गोट्या खेळतोय म्हणून शेजारी हसले असतील! पण गोटी टप्पा खाते तर बॉम्ब का खाणार नाही, हे त्यांनी ताडले.

मग जो बॉम्ब बनला तो पिंपासारखा गोल, वजन सुमारे ४२०० किलो, त्यात सुमारे ३००० किलो स्फोटक. टाकायच्या आधी विमानातच तो उलटा गरगर फिरवायचा, मिनिटाला ५०० फेरे. उलटा का? एक तर त्यामुळे टप्पे नीट पडतात. आणि दुसरे म्हणजे, भिंतीवर आपटल्यावर तो मागे न उडता भिंतीला घासत घासत खाली उतरतो. नऊ मीटर खोल गेला की पाण्याच्या दाबाने आपोआप फुटतो. आहे की नाही डोकं?

पण हे सगळे जमायला विमान पाण्यापासून फक्त १८ मीटर उंचीवरून जायला हवे होते, तेही ताशी ३७० किलोमीटरच्या वेगाने आणि रात्री. लँकेस्टर विमानाची लांबी रुंदी आधी लक्षात घ्या. त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३१ मीटर भरतात. म्हणजे पंखांपेक्षा उंची कमी! जरा चूक झाली की विमान पाण्यात.

या कामासाठी २१ मार्च १९४३ रोजी इंग्लंडमधील स्कॅम्प्टन येथे नवे पथक काढले. प्रमुख होते गाय गिब्सन. वय अवघे २४. पथकात इंग्रज होते, कॅनडाचे होते, ऑस्ट्रेलियाचे आणि न्यूझीलंडचेही होते. कुठे जायचे आहे ते बहुतेकांना शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलेच नव्हते. नुसता सराव चालू, तळ्यांवरून खाली खाली उडण्याचा.

उंची मोजायची अडचण फार साध्या युक्तीने सुटली. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे बसवले, एक पुढे, एक मागे, थोडे तिरपे. बरोबर १८ मीटरवर आले की दोन्ही दिव्यांचे उजेडाचे गोल पाण्यावर एकमेकांना टेकायचे. बॉम्ब कधी सोडायचा यासाठी तर एक लाकडी तिकाटणे केले. एका कोपऱ्याला डोळा लावायचे भोक आणि पुढच्या दोन कोपऱ्यांवर दोन खिळे. धरणावर दोन बुरूज होते. दोन्ही खिळे दोन बुरुजांच्या रेषेत आले की बॉम्ब सोडायचा. भूमितीच्या तासाला त्रिकोण कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१६ मे १९४३ ची चांदणी रात्र. १९ विमाने निघाली, प्रत्येकात सात जण, म्हणजे १३३ माणसे. म्योने धरणावर तोफा होत्या. पहिला बॉम्ब गिब्सनने स्वतः टाकला, भिंत हलली नाही. दुसऱ्या विमानाला गोळे लागले आणि ते कोसळले. पुढच्यांनी जाताना गिब्सन आपले विमान मुद्दाम बाजूने नेत होता. हेतू हा, की तोफांनी आपल्याकडे बघावे आणि सहकाऱ्याला वाट मिळावी. पाचव्या बॉम्बला भिंत फुटली. तिथून उरलेली विमाने एडर धरणाकडे गेली. तिथे तोफा नव्हत्या, पण चहूकडे डोंगर आणि धुके. ते धरण तिसऱ्या बॉम्बला फुटले. झोर्पे धरण मात्र टिकले, कारण ते मातीच्या भरावाचे. दगडी भिंतीला तडा जातो, मातीचा ढीग धक्का पिऊन टाकतो.

आठ विमाने परत आली नाहीत. ५३ जण मेले, तिघे कैद झाले. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वात मोठे शौर्यपदक मिळाले.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमातही आहे. पण पाणी गेले कुठे, हे मला जास्त सांगावेसे वाटते. म्योनेच्या भिंतीला सुमारे ७५ मीटरचे भगदाड पडले आणि मध्यरात्री पाणी खोऱ्यात घुसले. खाली नेहाइम नावाचे गाव होते. त्याच्याजवळ लाकडी झोपड्यांची एक छावणी होती. तिथे रशिया, युक्रेन अशा भागांतून जबरदस्तीने कामाला आणलेल्या बाया राहत होत्या. त्या जर्मन नव्हत्या, उलट जर्मनांच्या कैदेतच होत्या. त्या शेकड्यांनी बुडाल्या. एकंदर १३०० ते १६०० माणसे त्या पुरात गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त अशी परक्या मुलखातली. कारखाने काही काळ अडले हे खरे. पण दोन्ही धरणे त्याच वर्षीच्या पावसाळी दिवसांआधी पुन्हा बांधून झाली, त्यासाठीही हजारो मजूर जुंपले. वैमानिकांचे धाडस मोठे होते यात शंका नाही, पण नुसते धाडस सांगून गोष्ट संपवली तर ती अर्धीच राहते असे मला वाटते. पुढे १९७७ साली जिनिव्हा कराराला जोडून जे नियम झाले, त्यांत धरणांवर असे हल्ले करू नयेत असे लिहिले गेले.

आता बिल्ला. इंग्रजी विमानदलाच्या प्रत्येक पथकाचा बिल्ला ठरलेल्या घाटाचा असतो. वर मुकुट, मध्ये गोल, गोलाच्या कडेला पथकाचे नाव आणि खाली पट्टीवर ब्रीदवाक्य. मधल्या चित्रात बहुधा प्राणी, पक्षी, तलवार असे काही असते. ९ नंबरच्या पथकावर वटवाघूळ आहे, कारण ते रात्री उडत. ६१७ चे पथक मात्र नवेकोरे होते, त्याला चिन्हच नव्हते. ते या हल्ल्यानंतर मिळाले. मधोमध धरणाची भिंत, तिला भेदणाऱ्या तीन विजा आणि भगदाडातून उसळणारे पाणी. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज त्याच मे महिन्यात स्कॅम्प्टनला आले होते, त्यांनी ते चित्र पसंत केले.

खालचे ब्रीदवाक्य फ्रेंच भाषेत आहे. अर्थ : 'माझ्यामागून महापूर'. हे बोल फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या नावावर सांगतात. त्याचा मूळ अर्थ, मी गेल्यावर काही का होईना. आपल्याकडे म्हणतात ना, आप मेला जग बुडाले, तसलेच. पथकाने ते शब्दशः घेतले : आम्ही येऊन गेलो की मागून पूर येतो. चलाख आहे खरे. पण छावणीतल्या बायांची हकिकत कळल्यावर ते वाचायला जड जाते. चित्रात पाणी आहे, त्यात कोणी माणूस नाही.

पथक पुढेही चालू राहिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ९ नंबरच्या पथकाबरोबर त्यांनी टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका बुडवली. तोवर गिब्सन हयात नव्हता, सप्टेंबरातच त्याचे विमान हॉलंडमध्ये पडले होते. युद्ध संपल्यावर १९४६ साली हे पथक काही महिने आपल्या देशात, बंगालमधील डिगरीच्या विमानतळावर येऊन राहिले होते. नंतर विमाने बदलत गेली, व्हल्कन आली, टॉर्नेडो आली, २०१८ पासून एफ-३५. बिल्ला बदलला नाही.

आणि वॉलिस? इतके वैमानिक परत आले नाहीत हे कळल्यावर ते रडले होते. युद्धातल्या त्यांच्या शोधांबद्दल सरकारने १९५१ साली त्यांना १०,००० पौंड दिले. ते त्यांनी घरी ठेवले नाहीत. आपण लहानपणी जिथे शिकलो त्या शाळेला दिले, विमानदलात मेलेल्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी.